रुसायची खोली

सून म्हणून मिनलमध्ये खोट एकच होती, पण ती घरभर पुरून उरेल एवढी: तिला लोकांकडून काही घ्यायची लाज वाटायची. द्यायची लाज वाटणाऱ्या सुना सोजरबाईंनी दापोडीच्या प्रत्येक गल्लीत पाहिल्या होत्या आणि त्यांना कसं वठणीवर आणायचं तेही त्यांना येत होतं. पण समोरून चालत आलेलं परत ढकलणारी बाई त्यांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिली, आणि तीही स्वतः पारखून, पसंत करून घरात आणलेली.

रावेतच्या नव्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाचं आमंत्रण मोबाईलवर गेलं. त्यात सगळ्यात खाली मिनलनं लिहिलं होतं, ‘कृपया आहेर आणू नये.’ एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण पुढं शेपूट होतं: द्यायचंच असेल तर टॉवेल, चादर, साबण किंवा सॅनिटरी पॅड आणा, चाकणच्या कंपन्यांतल्या ज्या मुली दवाखान्यात दाखल होतात, त्यांच्यासाठी. मिनल पालिकेच्या दवाखान्यात सिस्टर होती, आणि घरी येताना पेशंटची दुःखं पर्समध्ये घालून आणायची तिला सवय होती. नात मैत्रीनं आजीला ते आमंत्रण मोठ्यानं वाचून दाखवलं. पॅडपाशी आल्यावर आजीचं तोंड बघून तिनं ते पुन्हा एकदा वाचलं.

सोजरबाईंनी लगेच रहाटणीला लेकीला फोन लावायला सांगितला.

“अंजे, वाचलंस का? घर भरायचंय का वार्ड?”

“आई, हल्ली सगळेच लिहितात गं असं.”

“लिव्हत्यात. आन मग लोक पाकीट घिऊन येत्यातच. हिचं तसं न्हाई. ही लिव्हती तसंच करती. हाच तर वांधा हाय.”

सोजरबाईंचं दुखणं काही उगाच नव्हतं. दापोडीत चाळीसेक वर्षं काढताना कुणाचं बारसं झालं, कुणाचं लग्न लागलं, कुणी पत्रा काढून स्लॅब टाकला, की सोजरबाई भांडं घेऊन हजर. भांडंही साधं नाही, नाव घातलेलं. भांड्यांच्या दुकानात मशीन घेऊन बसलेल्या माणसाकडून कडेवर घर्रघर्र कोरून घ्यायचं, ‘सोजरबाई खंडू ओव्हाळ यांजकडून’. नाव अशासाठी, की घेणारीनं ते भांडं पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. लोक असं करतात हे सोजरबाईंना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या स्वतः तेच करायच्या.

आता चाळीस वर्षं पेरलेलं उगवायची वेळ आली, आणि सुनेनं शेतालाच कुलूप लावलं.

मग सोजरबाईंनी मैत्रीला आइस्क्रीमचं आमिष दाखवलं आणि एकेक नंबर लावून घेतला. सगळ्यांना एकच निरोप: “सुनेनं लिव्हलंय त्यो निस्ता तिचा हात. सांगनारी मी हाय. रिकाम्या हातानं माझा उंबरा वलांडायचा न्हाई.”

*

गृहप्रवेशाच्या सकाळी सोजरबाई पांढरीशुभ्र साडी नेसून स्वयंपाकघरात उभ्या होत्या. बाहेर हॉलमध्ये बुद्धमूर्तीपुढं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मैत्री फुलं मांडत होती. मिनल खीर ढवळत होती. अंजली आल्या आल्या आईच्या बाजूनं उभी राहिली. ती येतानाच ठरवून आली होती.

“वहिनी, तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “पण आईनं जन्मभर लोकांना दिलंय. तिलाही वाटणारच ना, एकदा आपल्या घरी यावं काहीतरी.”

“ताई, ठेवायचं कुठं पण?” मिनल म्हणाली. “वरच्या कपाटात डिनर सेट आहेत, अजून खोके फोडले नाहीत.”

“ते पावण्यांसाठी हायती,” सोजरबाई म्हणाल्या.

“आज पाहुणेच येतायत, आई. काढू का?”

सोजरबाई कपाटापुढं येऊन उभ्या राहिल्या. “हे पावणे न्हवं. चांगले पावणे येत्याल तवा.”

एवढ्यात संघर्ष आत आला. मोर्च्यांच्या धामधुमीत जन्मला म्हणून बापानं त्याचं नाव संघर्ष ठेवलं होतं. पण कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून त्याच्या आयुष्यात एकच संघर्ष उरला होता, पार्किंगचा. आत्ताही तो खालून तोच चेहरा घेऊन आला होता.

“आई, आज सगळे आहेत तोवर बोलून घेऊ. दापोडीची खोली काढून टाकू या. नुसती कुलूप लावून पडलीय. तेवढ्या पैशात मोठी गाडी येईल. खाली बघितलंस ना, सगळ्यांच्या केवढ्या गाड्या आहेत. आपली मध्ये उभी केली की कुणीतरी विसरून गेल्यासारखी दिसते.”

“माझ्या मढ्यावरनं जा आन मंग वीक.”

“पण तिचा उपयोग काय आई आता?”

उपयोग होता, पण तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. ती सोजरबाईंची रुसायची खोली होती. बाई तरणी असते तोवर तिला रुसून जायला माहेर असतं. म्हातारीचं माहेर कुठलं? भाऊ गेले, भावजया ओळख विसरल्या. मग चौदाव्या मजल्यावर कुणी टाकून बोललं, तर म्हातारीनं जायचं कुठं? लिफ्टनं खाली उतरून सोसायटीच्या बाकावर बसायचं? आणि तासाभरात कुणी शोधायलाच आलं नाही, तर आपलं आपण बटण दाबून वर यायचं? म्हणून घर हलवताना सोजरबाईंनी भांडीकुंडी, गाद्या, सगळं येऊ दिलं, पण खोलीची किल्ली स्वतःच्या बटव्यात ठेवली. दुसरी किल्ली नवऱ्याकडं होती. पण खंडूला काही दिलं म्हणजे ते हरवल्यातच जमा, असा त्यांचा अनुभव होता.

“खोली विकायची नाही,” मिनल म्हणाली. “आई म्हणतायत तेच बरोबर आहे.”

सगळे तिच्याकडं बघायला लागले. हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या कव्हरासकट सोफ्यावर बसलेला खंडू एकाएकी खोकला आणि चष्मा काढून पुसायला लागला. सोजरबाईंनी डोळे बारीक केले. सून सासूच्या बाजूनं बोलली की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय. पण तेवढ्यात भंतेजी आले, आणि मुरणारं पाणी तसंच राहिलं.

*

त्रिसरण पंचशील झालं, परित्राणपाठ झाला. भंतेजींनी थोडक्यात सांगितलं, दान म्हणजे मूठ सोडणं. घट्ट मूठ घेऊन माणूस राजवाड्यात राहिला तरी त्याला कुणाशी हात मिळवता येत नाही. सोजरबाईंनी जोरात मान हलवली आणि पाहुण्यांच्या मुठींकडं नजर टाकली.

दारातली मिनलची टोपली टॉवेल-साबणांनी भरत चालली होती. पण समाधानाची गोष्ट अशी, की दापोडीहून आलेल्या प्रत्येकाच्या काखेत आणखी एक पिशवी होती. कागदात गुंडाळलेलं, गोल, जड दिसणारं काहीतरी. सोजरबाईंना हुरूप आला. त्यांनी येईल त्या बाईला हाताला धरून घर दाखवायला सुरुवात केली. भिंतीतलं कपाट, कपाटातला दिवा, आणि शेवटी स्वयंपाकघरातला नळ.

“डावीकडं केलं की ऊन, उजवीकडं केलं की गार. बघ, हात लाव.”

“आजी, पाहुणे आंघोळीला आलेले नाहीत,” मैत्री म्हणाली.

सोजरबाईंनी तिच्याकडं दुर्लक्ष करून नळ डावीकडं केला आणि सकाळपासून तिसऱ्यांदा स्वतःचंच बोट भाजून घेतलं.

जेवणाआधी दापोडीची जुनी शेजारीण गोजाबाई पिशवी घेऊन पुढं झाली. “मिनलचं टोपलीत टाकलं बाई. हे तुझं.”

आहेर लोकांसमोर उघडू नये ही रीत सोजरबाईंना माहीत होती. पण आज सुनेला दाखवायचं होतं. त्यांनी मिनलला हाक मारली, ती येईपर्यंत थांबल्या, आणि हॉलच्या मधोमध कागद फाडला. आत पातेलं होतं, लखलखीत, आरशासारखं. त्यांनी ते उंच धरलं. आणि कडेवर अक्षरं दिसली.

सोजरबाईंचं अक्षरांशी फारसं जमलं नव्हतं. साक्षरतेच्या वर्गाला त्या सहीपुरत्या गेल्या आणि स्वतःचं नाव लिहिता आलं त्या दिवशी शाळा सुटली असं समजून घरी आल्या. पण ते एक नाव त्या कुठंही ओळखत. तेच नाव पातेल्याच्या कडेवर होतं.

“ह्ये काय गं गोजे?”

गोजाबाई छताकडं बघायला लागली. “माझ्या पोरीच्या लग्नातलं. जपून ठिवलंय बघ, एक ओरखडा न्हाई.”

सोजरबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि घाईनं दुसरी पिशवी ओढली. डबा. ओव्हाळ यांजकडून. तिसरी पिशवी. परात. तेच. पाहुण्यांमध्ये कुणीतरी खुसखुसलं. अजून दोघीतिघींनी हातातल्या पिशव्या हळूच पदराखाली घेतल्या.

नवनाथला मात्र लपवता आलं नाही; त्याच्याकडं कळशी होती. नवनाथ त्यांच्याच गावचा. पोरसवदा असताना पत्र्याची ट्रंक घेऊन दापोडीत उतरला होता, आता भोसरीत त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं.

“मावशी, रागावू नका,” तो म्हणाला. “पण नाव घातलेलं भांडं दुसऱ्या कुणाला देताच येत नाही हो. मी तीनदा देऊन बघितलं. लोक नाव वाचतात. हे जगात एकाच माणसाला देता येतं.”

“मंग वापरायचं हुतं मुडद्या!”

“वापरली की. एकदा. पाणी भरलं आणि उचलली, तर काठ माझ्या हातात आणि कळशी खालीच.”

मग मात्र बांध फुटला. शेजारच्या फ्लॅटमधले नवे लोकसुद्धा हसायला लागले. सकाळपासून आईच्या बाजूनं उभी असलेली अंजली मिनलच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. संघर्षनं हसू लपवायला खिडकीबाहेर पार्किंगकडं पाहिलं. आणि खंडू, जन्मभर तिन्ही शिफ्टमध्ये तोंड न उघडलेला खंडू, मांडीवर थाप मारून म्हणाला, “सोजर, मी तवाच म्हनलं हुतं, जरा जाड पत्र्याचं घे!”

मिनल तेवढी हसली नाही. तिनं भांडी गोळा केली आणि कुणाला दिसू नयेत अशी आत नेऊन ठेवली. ती हसली असती तर भांडता तरी आलं असतं.

“खीर वाढा समद्यास्नी,” सोजरबाई म्हणाल्या. “मी आलेच.”

चपला घातल्या, बटवा चाचपला आणि त्या लिफ्टमध्ये शिरल्या. लिफ्ट त्यांनी एकटीनं कधी चालवली नव्हती. रागाच्या भरात वरचं बटण दाबलं गेलं, आणि घर सोडून निघालेली बाई आधी गच्चीवर जाऊन आली.

गेटवर रिक्षा मिळाली. रिक्षावाल्यानं पांढरी साडी बघितली, उतरलेलं तोंड बघितलं.

“दापोडीला? मयतीला का आजी?”

“व्हय. माझ्याच.”

पिंपरी येईपर्यंत तो बिचारा एक शब्द बोलला नाही.

*

खोलीच्या दाराला कुलूप नव्हतं. दारासमोरच्या दोरीवर कुणाची तरी ओढणी वाळत होती, आणि कडी आतून होती. सोजरबाईंनी दारावर मूठ आपटली. आपल्याच दारावर.

दार उघडलं ते विशीतल्या एका पोरीनं. उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत. तिनं सोजरबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम मायेनं भरला.

“मिनल सिस्टरनं पाठवलं ना? दवाखान्यातून? या, आत या आजी. कुठं लागलंय तुम्हाला?”

सोजरबाईंना लागलं होतं, पण दाखवता येण्यासारखं नव्हतं. त्या आत गेल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. खोली तीच होती. फळी तीच, खिडकीचा मोडका गज तोच. खाली एक चटई, आणि उशाला गुंडाळलेली जीन्सची पँट.

पोरीचं नाव स्वरूपा. परभणीकडची. चाकणच्या पुढं एका कारखान्यात कंत्राटावर होती. पत्रा दाबायच्या प्रेसखाली बोटं आली. हे तिनं असं सांगितलं, की जणू बस चुकली.

“ठेकेदार म्हणला, गावाकडं जा, बरं वाटलं की ये. होस्टेलवालीनं माझी कॉट दुसरीला देऊन टाकली. पण पट्टीला तर इथंच यावं लागतं. मग रोज परभणीहून येऊ का? मी दवाखान्याच्या जिन्यात रडत बसले होते. सिस्टर म्हणल्या, रडू नको, आमची एक खोली आहे.”

“आमची म्हनली का?”

“नाही नाही. त्यांच्या सासूबाईंची. त्यांनी दिलीय म्हणे, अडल्यानडल्या मुलींसाठी. भाडं नाही काही नाही. लई मोठ्या मनाची बाई होती.”

“हुती?”

“वारल्या असतील की. असली माणसं आता कुठं जिवंत आहेत, आजी?”

सोजरबाईंनी पदरानं तोंड पुसलं. खरं तर तिथंच उठून आपण कोण ते सांगायला हवं होतं. पण मेल्यावर आपल्यामागं काय बोलतात, हे फुकटात ऐकायची संधी किती जणांना मिळते?

“मिनल आनखी काय म्हनली गं, त्या सासूविषयी?”

“लई काय काय. म्हणल्या, गावाकडून कामाला येणारा प्रत्येक पोरगा ह्या खोलीत उतरायचा. तिन्ही शिफ्टची पोरं. एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच चादरीत झोपायचा. चादर कधी गार झाली नाही म्हणे. आणि त्या सासूबाई सगळ्यांना शिव्याही द्यायच्या अन् भाकरीही द्यायच्या. आधी काय यायचं, शिवी का भाकरी, ते कुणाला आठवत नाही.”

“शिवी,” सोजरबाई म्हणाल्या. “शिवी आधी.”

“तुम्ही ओळखायच्या त्यांना?”

“जरा. खाष्ट बाई. भांडखोर. आन आहेर द्याची तर पातळ पत्र्याचा.”

“मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, आजी,” स्वरूपा म्हणाली, जरा रागानंच.

सोजरबाईंनी फळीकडं पाहिलं. नवनाथ ह्याच फळीखाली झोपायचा. त्याचे पाय दाराबाहेर यायचे, आणि पहाटे पाण्याला उठताना त्या मुद्दाम त्याच्या पायावर पाय देऊन जायच्या. किती पोरं आली आणि गेली, त्यांना नावं आठवत नव्हती. हे घर आहे का चावडी, म्हणून त्या खंडूच्या नावानं बोटं मोडायच्या, आणि बोटं मोडता मोडता पीठ मळायच्या. ते दान होतं हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी प्रत्येक भाकरीवर नाव घालून घेतलं असतं.

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

“बिस्किटं आहेत ना.” स्वरूपानं पुडा दातानं फोडला आणि डाव्या हातानं त्यांच्यासमोर ठेवला. “घ्या. सकाळी वडापाव आणते, रात्री हे. एका हातानं पीठ मळता येत नाही, अन् इथं तवाही नाही. सिस्टर ड्यूटी संपवून डबा आणतात कधी कधी. त्यांना तरी किती त्रास द्यायचा?”

सोजरबाईंनी एक बिस्किट खाल्लं. ते मऊ पडलं होतं. मग त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि शेजारच्या अंबुबाईच्या दारात गेल्या. अंबुबाईकडून त्यांनी जन्मात काही उसनं घेतलं नव्हतं. तिच्याकडं मागावं लागू नये म्हणून एकदा दोन दिवस बिनमिठाचं शिजवलं होतं.

“अंबे, ज्वारीचं पीठ दे. तवा दे. काटवट आन शेगडी बी दे.”

अंबुबाईचं तोंड उघडंच राहिलं. “अगं, तुझा तिकडं गृहप्रवेश हाय ना आज?”

“हितं चाललाय. दे लवकर.”

*

दुसरी भाकरी तव्यावर फुगत होती तेव्हा दारात सावली पडली. मिनल होती, पांढऱ्या साडीतच, धापा टाकत. मागं खंडू.

“सोजर,” खंडू म्हणाला, “रावेतमदली समदी बाकं हुडकली तुझ्यापायी.”

स्वरूपानं मिनलकडं पाहिलं, खंडूकडं पाहिलं, मग भाकरी उलटणाऱ्या म्हातारीकडं पाहिलं. तिचा रंग उडाला. “सिस्टर, ह्या... ह्याच का?”

“व्हय, मीच ती,” सोजरबाई म्हणाल्या. “मेले न्हाई आजून. तू खा.”

मिनल उंबऱ्यापाशीच खाली बसली. “आई, मी सांगणार होते. बाबांकडून किल्ली घेतली. त्यांची चूक नाही.”

“त्यांची चूक काढायला मला तुझी परवानगी नगं. किल्ली हारवायची सोडून त्यांनी दिली, हीच चूक.” सोजरबाईंनी भाकरी शेगडीच्या जाळावर धरली. “का न्हाई इचारलंस मला?”

मिनलनं खाली पाहिलं. “तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हनले असते.”

“मग?”

“मंग काय मंग! न्हाई म्हनले असते, तुज्या माहेराचा उद्धार केला असता, दिसभर तोंड फिरवून बसले असते. आन दुसऱ्या दिशी चुलीपाशी किल्ली ठिवली असती. एवढी सवड सासूला द्याची न्हाई व्हय?”

संघर्ष घामाघूम होऊन आला. गाडी कुठं लावली ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. त्यानं खोलीत डोकावलं, चटई बघितली, पोरीचा हात बघितला, आणि त्याला ती पट्टी कुठल्या मशीनची ते न विचारताच कळलं. त्याच्याही लाईनवर तसल्या प्रेस होत्या. गाडीबद्दल बोलायला उघडलेलं तोंड त्यानं मिटलं.

“आई, चल ना,” तो म्हणाला. “पाहुणे तसेच बसलेत. हिला आपण रोज डबा पाठवू. पाहिजे तर एखादी बाई लावू.”

“बाई हाय की,” सोजरबाई म्हणाल्या. “तुला दिसंना का? हिचे टाके निघंपातूर मी हितनं हालत न्हाई.”

“आणि मी?” खंडूनं विचारलं.

“तुमी वर जावा आन लोकास्नी ऊन पान्याचा नळ दावा.”

खंडू हसला, पण या वेळी जपून. मिनल उठून आत आली आणि काटवटीला हात घालायला लागली. “आई, द्या, मी करते. तुमचे गुडघे...”

“हात काढ.” सोजरबाईंनी पिठाचा हात वर केला आणि सुनेच्या तोंडाकडं सरळ पाहिलं. दारात अंबुबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघी येऊन उभ्या होत्या, म्हणून त्यांनी आवाज थोडा चढवला.

“आता ऐक मिनल, समद्यांच्या देखत सांगते. तुला वाटतं तू लई मोठं दान केलंस. काय केलंस? एका हाताच्या पोरीला कुलूपकिल्ली दिलीस आन ड्यूटीवर गेलीस. तवा न्हाई, पीठ न्हाई, उशाला तिचीच तुमान. कुनाकडं मागायची तुला लाज, म्हनून एकटीच वडत बसलीस. मला म्हनली असतीस, आई भाकरी थापा, तर मी काय तुझा हात मोडला असता? खोली माझी, ती माझ्या नावानं दिलीस. ऱ्हाऊ दे, दिलेलं मी माघारी घेत न्हाई. पर हितनं फुडं माझ्या नावानं काय द्याचं झालं, तर आदी माझ्याशी येऊन भांडायचं. भांडल्याबिगर मी कुनाला काय बी देत न्हाई, हे उभ्या दापोडीला ठावं हाय. तू येवढी शिकल्याली, तुला तेवढं कळंना!”